काडतुसाचं वय

पाली म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला बल्लाळेश्वर आठवतो आणि उरलेल्या निम्म्याला भिंतीवरची पाल. आमची पाली या दोन्हींत बसत नाही. भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर उत्तनची बस पकडायची, राई, मुर्धे, मोर्वे मागे टाकायची, मिठागरं बघत बघत डोंगरी ओलांडायची, आणि मग गाव आल्याचं कंडक्टरच्या आधी नाकाला कळतं. वलांड्यांवर बोंबील वाळत असतात, ओट्यांवर जाळी पसरलेली असतात आणि या सगळ्यावरून खारा वारा फिरत असतो. गाव मीरा-भाईंदर महानगरपालिकेत आहे, पण वारा महानगरपालिकेचं ऐकत नाही. तो बिजागऱ्या खातो, खिडक्यांचे गज खातो, स्कूटरचा सायलेन्सर खातो. इथे नवा माणूस राहायला आला की पहिल्या पावसाळ्यात त्याच्या किल्ल्या गंजतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्याची तक्रार.

अशा गावात नाना आपली बंदूक घेऊन आले.

नाना मूळचे साताऱ्याकडचे. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मुंबईत एका बँकेच्या दारात गार्डाची नोकरी केली, तीही 'गनवाला' म्हणून. या धंद्यात दोन जाती आहेत, गनवाला आणि बिनगनवाला. स्वतःच्या परवान्याची बंदूक असेल तर पगार जास्त. बँकेच्या दारातला गार्ड म्हणजे पासबुक कुठल्या मशिनीत घालायचं हे सांगणारा माणूस, अशी आपली समजूत असते. हातात दुनळी, कमरेला काडतुसांचा पट्टा आणि तोंडी 'मशीन बंद आहे, दोन नंबरला विचारा.' नानांनी सगळी नोकरी या एका वाक्यावर काढली. एकदाही गोळी झाडली नाही. गार्डाच्या नोकरीत याहून मोठी कामगिरी नसते, पण तिच्याबद्दल शाल-नारळ कोणी देत नाही. आता ते पालीत मुलीकडे राहतात. बंदूक आणि पट्टा लोखंडी कपाटात, मुलीच्या साड्यांच्या खालच्या खणात, कुलपात.

एका पावसाळी दुपारी नाना तो पट्टा बाहेर काढून पुसत बसले होते. लाल प्लास्टिकच्या काडतुसांची पितळी बुडं, आणि त्यांवर तांब्याच्या जुन्या भांड्याला चढतो तसा हिरवट थर.

"नाना, ही कधी घेतलेली?"

"लायसनवर लिवलंय की," म्हणून त्यांनी परवान्याची पुस्तिका काढली. विक्रेत्याची नोंद, शिक्का, सही. "हे बघा. नोटा बंद झाल्या त्याच्या आदल्या साली."

म्हणजे २०१५. त्यानंतर आपण पाचशेची नोट बदलली, करोनात मास्क बदलले, पालीच्या बसचा रंग बदलला. नानांचं काडतूस मात्र त्याच पट्ट्यात, त्याच खणात, देशसेवेला तयार.

"बदलायला नकोत?"

नाना माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले की जणू मी त्यांना मुलीचं लग्न मोडायला सांगतोय. "बदलायची कशाला? वापरली कुठायत अजून?"

या उत्तरावर मी बरेच दिवस विचार करतोय, कारण आपल्या अख्ख्या मराठी मध्यमवर्गाचं तत्त्वज्ञान त्यात आहे. जे वापरलं नाही ते नवं. पाहुण्यांसाठी काढून ठेवलेला कपबशीचा सेट नवा, लग्नातला शालू नवा. वस्तूचं वय आपण वापरावर मोजतो, वर्षांवर नाही. कपबशीच्या बाबतीत हे चालतं. काडतुसाच्या बाबतीत गणित उलटं आहे: ते वापरलं की संपतं, म्हणून त्याचं सगळं आयुष्य वाट बघण्यातच जातं, आणि वाट बघता बघताच ते म्हातारं होतं.

त्यात एक पंचाईत आहे. काडतूस चांगलं आहे की नाही हे बघायचा एकच खात्रीचा मार्ग, ते उडवायचं. उडालं म्हणजे चांगलं होतं, पण आता राहिलं नाही. नाही उडालं तर शिल्लक आहे, पण कामाचं नाही. बाहेरून वास घेऊन, हलवून, कानाशी धरून काही कळत नाही. नाना तरीही कानाशी धरून बघतात. छर्रे वाजतात का ते ऐकतात म्हणे.

आता या पितळेच्या बुडात नक्की काय आहे ते बघू. तळाच्या मधोमध टोपी, तिच्यात ठोका बसला की पेटणारा चिमूटभर मसाला. तिच्यापुढे दारू, दारूपुढे डाट, डाटापुढे छर्रे. पूर्वी बारा बोअरच्या काडतुसाची नळी पुठ्ठ्याची असायची. पावसाळ्यात पुठ्ठा फुगला की काडतूस बंदुकीत जायचंच नाही, आणि शिकारी वाघाऐवजी पुठ्ठ्याशी झुंजत बसायचा. प्लास्टिकने तो प्रश्न सोडवला. दारूही आता जुनी काळी दारू राहिलेली नाही. १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू तयार केली. तिचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. हा पदार्थ तयार झाल्या क्षणापासून फार सावकाश विघटित होत असतो, आणि उष्णता वाढली की घाई करतो. फ्रेंच आरमाराला याची किंमत मोजावी लागली. १९०७ साली 'येना' आणि १९११ साली 'लिबेर्ते' या त्यांच्या दोन बलाढ्य युद्धनौका तुलोंच्या बंदरात, आजूबाजूला एकही शत्रू नसताना, आपल्याच कोठारातल्या बिघडलेल्या दारूने उडाल्या. शेकडो खलाशी गेले. दारूत डायफेनिलअमाईनसारखं स्थिरक घालण्याची आणि साठ्याची वेळोवेळी तपासणी करण्याची शिस्त अशा अपघातांनंतर पक्की झाली.

त्यामुळे आजचं काडतूस बरंच सोशिक आहे. थंड, कोरड्या जागी नीट ठेवलं तर चाळीस-पन्नास वर्षांनीही ते उडतं. दुसऱ्या महायुद्धातली काडतुसं आजही लोक उडवतात. पण थंड आणि कोरडी ही दोन विशेषणं पालीला लावायची असतील तर पाली हलवून महाबळेश्वरला न्यावी लागेल.

नानांची काडतुसं 'शक्तिमान' छापाची, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. नातवाला वाटतं की ती टीव्हीवरच्या शक्तिमानची आहेत, आणि नानांनी त्याचा गैरसमज मुद्दाम दूर केलेला नाही. खडकीचा कारखाना १८६९चा. इंग्रजांनी काढला, स्वातंत्र्यानंतर आपला झाला, आणि ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे, जिचं मुख्य कार्यालयही पुण्यातच. देशाचं छोट्या हत्यारांचं काडतूस मुख्यतः या खडकीत आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावात घडतं, म्हणजे मराठी मुलखातच. पुण्याच्या कोरड्या हवेत जन्मलेल्या काडतुसाला भाईंदरची हवा मानवत नाही, यात मला काही नवल वाटत नाही. पुण्याच्या माणसांचंही तेच होतं.

नानांची खरी चूक मात्र वेगळीच होती, आणि ती त्यांच्या शिस्तीतून आलेली. ते दर रविवारी काडतुसांना शिलाई मशिनीचं तेल लावत. बुडाला दोन थेंब, बोटाने चोळून, वरून फडका. बंदुकीच्या नळीला तेल हवंच, पण काडतुसाच्या टोपीला तेल म्हणजे विष. पातळ तेल फटीतून आत झिरपतं आणि तो चिमूटभर मसाला निकामी करतं. खारी हवा जे काम दहा वर्षांत करते ते मायेचं तेल एका चातुर्मासात करू शकतं. नाना इतकी वर्षं आपल्या काडतुसांना प्रेमाने मारत होते. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ तेलाच्या बाटलीकडे बघत बसले.

अमेरिकेत भाजी आणायलाही कमरेला पिस्तूल लावून जाणारी माणसं आहेत. काडतुसं कधी बदलायची हा विषय त्यांच्यात जिव्हाळ्याचा. कोणी म्हणतं सहा महिन्यांनी बदला, कोणी म्हणतं वर्षाने. त्यामागे कारण आहे. अंगावर वागवलेल्या काडतुसाला घाम लागतो, धूळ लागते. त्यातून पिस्तूल रोज रात्री रिकामं करायचं आणि सकाळी पुन्हा भरायचं अशी सवय असेल तर वरचं एकच काडतूस रोज नळीत ढकललं जातं. रोजच्या धक्क्यांनी त्याची गोळी पुंगळीत थोडी थोडी मागे सरकते, आत जागा कमी होते, आणि उडताना दाब वाढतो. म्हणून ते लोक जुनी काडतुसं नेमबाजीच्या सरावात संपवतात आणि पिस्तुलात नवी भरतात.

सल्ला रास्त आहे, पण आपल्याकडे आला की तो भाईंदरच्या लोकलमध्ये सकाळी आठला चढलेल्या माणसासारखा होतो: जागा नाही, हात हलत नाही, उतरायचं कुठे ते ठाऊक नाही. आपल्याकडचा परवानाधारक बहुधा .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर नाहीतर बारा बोअरची बंदूक बाळगतो. रिव्हॉल्व्हरच्या चक्रात काडतूस आपल्या घरात स्वस्थ बसून असतं, त्याला रोज कोणी ढकलत नाही, त्यामुळे गोळी मागे सरकण्याचं भय जवळजवळ नाही. आणि जुनी काडतुसं सरावात संपवायची म्हणजे कुठे? नाना म्हणाले, "आमच्याकडं जुनी काडतुसं वरातीत संपायची." आता तेही नाही. शस्त्र कायदा १९५९चा, त्याचे नवे नियम २०१६चे, आणि २०१९च्या दुरुस्तीने लग्नात, मिरवणुकीत आनंदाने बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. म्हणजे सरकारने परवान्याला तारीख दिली, हत्याराला नंबर दिला, काडतुसांना वार्षिक मर्यादा दिली. काडतूस जुनं झालं का हे मात्र ज्याचं त्याने बघायचं.

आणि बघायला माणूस बिचकतो. प्रत्येक काडतुसाचा हिशेब आहे. किती घेतली, किती उडवली, किती शिल्लक. अनेक ठिकाणी नवी मागायला गेलं की जुन्यांचं काय केलं ते विचारतात, रिकाम्या पुंगळ्या दाखवा म्हणतात. ज्याने बँकेच्या दारात एकही बार काढला नाही त्याने पुंगळी आणायची कुठून? मग माणूस म्हणतो, आहेत ती बरी आहेत. आमच्या भागात १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार असं नवं पोलीस आयुक्तालय झालं, तेव्हा नानांना पहिली काळजी पडली ती कागदांची. काडतुसांची काळजी त्यांच्या यादीत नव्हतीच.

त्यात निवडणुका. आचारसंहिता लागली की कोणाची हत्यारं जमा करून घ्यायची हे एक छाननी समिती ठरवते. २०२४ साली मे महिन्यात लोकसभा आणि नोव्हेंबरात विधानसभा, असं दोनदा मतदान झालं, आणि नानांची बंदूक दोन्ही वेळा मालखान्यात जाऊन आली. नानांना त्याचं दुःख नव्हतं. "आराम झाला तिला," एवढंच म्हणाले. पण बंदूक जमा करून रिकाम्या हाताने घरी आलेल्या त्या आठवड्यात त्यांना झोप उत्तम लागली, असं त्यांची मुलगी सांगते. रक्षणाचं साधन घरात असलं की त्याच्याच रक्षणासाठी रात्री दोनदा उठावं लागतं, हे कोणी परवाना देताना सांगत नाही.

आणि काडतूस विसरलंच तर? जुन्या बॅगेच्या कोपऱ्यात राहिलेलं एखादं काडतूस विमानतळावरच्या तपासणीत सापडतं आणि सुट्टीला निघालेला भला माणूस आरोपी होऊन बसतो, हे प्रकार आपल्या सगळ्या मोठ्या विमानतळांवर होत आलेले आहेत. ताबा जाणीवपूर्वक नव्हता म्हणून न्यायालयांनी असे काही खटले रद्दही केले आहेत. पण तोवर विमान गेलेलं असतं, आणि सासुरवाडीत काय झालं ते सांगायची सोय नसते.

पालीहून थोडं पुढे चौकला धारावी किल्ल्याचं टेकाड आहे. मुंबईतल्या झोपडपट्टीची धारावी वेगळी, ही आमच्या बेटाची. तिथे उभं राहिलं की खाडीपलीकडे वसई. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत या बेटासाठीही झुंज झाली, आणि १७३९च्या मे महिन्यात वसई पडली. शेवटच्या हल्ल्यात मराठ्यांनी तटाखाली सुरुंग भरले होते. त्यांतले काही वेळेवर उडाले, तटाला खिंडार पडलं, माणसं पुढे धावली, आणि मग मागे राहिलेला एक सुरुंग उशिरा उडाला. आपलीच शेकडो माणसं त्यात गेली. मी नानांना हे मुद्दाम सांगितलं. कारण घोडा दाबूनही बार निघाला नाही तर लगेच बंदूक उघडून डोकावायचं नसतं. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं. जुन्या दारूला कधी कधी उशिरा जाग येते.

नाना म्हणाले, "हे आमाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं व्हतं." मग थोडं थांबून, "इसरलो व्हतो."

पुलगावचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या तिथल्या मध्यवर्ती दारूगोळा भांडाराच्या परिसरात नोव्हेंबर २०१८मध्ये जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि सहा जणांचा जीव गेला. ती जाणत्यांच्या देखरेखीतली जागा होती. घरच्या गच्चीवर पकड आणि पेचकस घेऊन काडतूस उघडून बघणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं.

इथवर वाचून बहुसंख्य वाचक म्हणतील, आमच्याकडे बंदूक नाही, परवाना नाही, आम्हाला काय त्याचं? मग आपापल्या घरातल्या पर्स उघडा.

डिसेंबर २०१२च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर देशभर पेपर स्प्रेची लाट आली. जानेवारी २०१४मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं हलकं .३२ रिव्हॉल्व्हर आणलं. किंमत सव्वा लाखाच्या आसपास, वर परवाना वेगळा. ते घेणं कोणत्या लोकलवाल्या मुलीला परवडणार होतं कोण जाणे. स्प्रे मात्र काही शे रुपयांत, विनापरवाना. तो जनतेने खरा पहिल्यांदा चालताना पाहिला तो १३ फेब्रुवारी २०१४ला, तोही लोकसभेत: तेलंगणाच्या विधेयकावर एका खासदाराने सभागृहातच स्प्रे मारला आणि लोकप्रतिनिधी खोकत, डोळे चोळत बाहेर पडले. त्या दिवशी निदान एक गोष्ट सिद्ध झाली की त्या डबीची मुदत संपलेली नव्हती.

आमच्या भाचीच्या पर्समधल्या डबीची संपली होती. कॉलेजात असताना तिच्या आईने दिलेली, आता ती नोकरीला लागून स्थिरावली. दरम्यान पर्स किती बदलल्या, पण प्रत्येक पर्समध्ये डबी इमानाने हलवली गेली. तळाशी छापलेली तारीख जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्प्रेमध्ये तिखटाचा अर्क टिकतो बऱ्यापैकी, आधी मरतो तो दाब. डबीतला वायू झडपेतून अगदी हळू निसटत राहतो आणि ऐन वेळी फवाऱ्याऐवजी एक शिंतोडा बाहेर पडतो, तोही आपल्याच मनगटावर. भाचीला विचारलं तर ती म्हणाली, "मामा, ती असली की मला बरं वाटतं." नानांचं आणि तिचं दुखणं एकच. ज्या वस्तूने धीर येतो तिची परीक्षा घ्यायला मन धजत नाही. जुन्या काडतुसाचा आणि नव्या काडतुसाचा धीर सारखाच असतो, आणि सगळी भानगड तिथेच होते.

याला अपवाद मला पालीतच सापडला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, वर ताडपत्री. या दोन महिन्यांत जाळी सांधतात, इंजिन उघडतात, फळ्यांना रंग देतात. आणि त्याच वेळी संकटात आकाशात सोडायचे लाल फ्लेअर बाहेर काढून तपासतात. फ्लेअर हा काडतुसाचाच भाऊ: तीच टोपी, तसाच जळणारा मसाला, तीच खारी हवा. त्याच्यावर तारीख असते, साधारण तीन वर्षांची. एका तांडेलाला मी विचारलं की तारीख गेलेला फ्लेअर तुम्ही ठेवता का. तो हसला. "तारीख गेली का त्याला नारळ दिला." मी म्हटलं, पण चालला असता की कदाचित. तो म्हणाला, "सर, रातचे दर्यामंदी कदाचित नाय चालत."

बँकेच्या दारातला गार्ड आणि लोकलमधली मुलगी यांना 'कदाचित' चालतं, कारण त्यांची वेळ बहुधा येतच नाही, आणि देव करो कधी न येवो. तांडेलाची येते. म्हणून तो वर्षातून एकदा सामान उघडतो, जमिनीवर मांडतो आणि तारखा वाचतो. त्याला सुरक्षिततेचं शास्त्र कोणी शिकवलेलं नाही. त्याच्याकडे फक्त एक ठरलेला हंगाम आहे.

मग आपल्याकडे असा हंगाम नाही का? आहे, आणि आपण तो दरवर्षी वाया घालवतो. खंडेनवमीला घराघरांत शस्त्रं पुजतात. विळी, कोयता, सुतारकाम करणाऱ्याचा रंधा, शिंप्याची मशीन, पोलीस ठाण्यातली हत्यारं. झेंडूची माळ, हळद-कुंकू, नैवेद्य. नाना साताऱ्याचे, त्यामुळे पूजा चुकत नाही. बंदूक पाटावर, पट्टा तिच्या गळ्यात. इतक्या वर्षांत प्रत्येक खंडेनवमीला त्या काडतुसांना हळद-कुंकू लागलं, फूल वाहिलं गेलं, पण कोणी बूड उलटं करून बघितलं नाही. पूजेच्या पाच मिनिटांत एक मिनिट जास्त घालून बुडं बघितली असती तर देवीने काही वाईट मानून घेतलं नसतं.

गेल्या नवमीला मी हे नानांना सुचवलं. ते पूजेच्या आसनावरून उठले नाहीत. आधी आरती झाली, मग त्यांनी चष्मा लावला आणि एकेक काडतूस हातात घेऊन, कपाळाला लावून, खिडकीपाशी नेऊन पाहिलं. ज्यांची बुडं हिरवी पडली होती, ज्यांच्या टोपीभोवती तेलाचा काळसर गोल होता, ती वेगळी ठेवली. बहुतेक सगळीच वेगळी झाली. दसऱ्यानंतर परवाना घेऊन ते त्यांच्या नेहमीच्या विक्रेत्याकडे गेले, जुनी जमा केली, नोंद करवून घेतली आणि थोडी नवी आणली. आता ती झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात आहेत, सोबत ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या, ज्या आपण नव्या बुटांतून काढून फेकून देतो. तेलाची बाटली मुलीने शिलाई मशिनीकडे परत नेली.

तर माझा हिशेब असा. समुद्राजवळ घरात ठेवलेलं काडतूस वर्षातून एकदा बघा. बूड हिरवं पडलेलं, नळी फुगलेली, गोळी सैल झालेली किंवा तेल लागलेलं दिसलं तर वय न विचारता बाजूला काढा. काहीच दिसलं नाही तरी खाऱ्या हवेत चार-पाच वर्षांच्या पुढे त्याच्यावर विसंबू नका. ज्याला ते नोकरीपायी रोज अंगावर बाळगावं लागतं त्याने वर्षाला बदलावं. आणि बाजूला काढलेलं खाडीत, कचऱ्यात टाकू नका किंवा भंगारवाल्याला देऊ नका, परवाना दाखवून परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करा. बाकीच्यांनी आज संध्याकाळी घरातल्या पर्समधली ती छोटी डबी काढा, उलटी धरा आणि तळाची तारीख वाचा. चष्मा लागेल, अक्षर फार बारीक असतं.